आता चालू की बंद?

बँडमधला बेस गिटारवाला लोकांना दिसतो तो फोटोत, आणि तोही “हा मागे उभा आहे तो कोण?” एवढं विचारण्यापुरता. गाणाऱ्याला बुके मिळतो, कीबोर्डवाल्याला वन्स मोअर मिळतो, ड्रमवाल्या पोराला शिट्ट्या मिळतात, आणि आम्ही वायरी गुंडाळत असताना एखादे आजोबा मुद्दाम जवळ येऊन म्हणतात, “तुम्हीही वाजवत होतात का? वा, वा.” आर. डी. बर्मनच्या गाण्यांवर जीव ओवाळून टाकणारी माणसं गाठा आणि त्यांना टोनी वाझ कोण ते विचारा. पंचमच्या वाद्यवृंदात बेस वाजवणाऱ्या माणसाचं नाव ज्यांना सांगता येत नाही, त्यांनी पुण्यातल्या एका सोसायटीच्या हौशी ऑर्केस्ट्रात चार तारा ओढणाऱ्या निवृत्त बँक कर्मचाऱ्याची दखल घ्यावी, ही अपेक्षा मीही कधी ठेवली नव्हती.

माझं सुखाने चाललं होतं. मग मी पेडल घेतलं.

पेडल म्हणजे तळहाताएवढी धातूची डबी. गिटारची वायर एका बाजूने आत जाते, दुसऱ्या बाजूने बाहेर येते, मध्ये पायाने दाबायचा खटका आणि वर तीन-चार नॉब. खटका दाबला की आवाजाचं काहीतरी होतं. काय होतं ते डबीवर लिहिलेलं असतं, पण इतक्या बारीक अक्षरांत आणि इतक्या खाली, की वाचायला चष्मा लावून जमिनीवर बसावं लागतं, आणि माझ्या गुडघ्यांची एकंदर परिस्थिती पाहता एकदा खाली बसलोच आहोत तर आणखी कुठली कामं उरकून घेता येतील याचा विचार करूनच मी बसतो. अशा पाच-सहा डब्या एका फळीवर वेल्क्रोने चिकटवल्या की त्याला पेडलबोर्ड म्हणतात. आमच्या घरात त्याला पसारा म्हणतात.

पहिला घेतला कॉम्प्रेसर. विकणारा मुलगा म्हणाला, “काका, हा असला की सगळे स्वर एका लेव्हलला येतात.” माझे स्वर कुठल्याच लेव्हलला येत नसल्यामुळे मी तो तिथल्या तिथे घेतला. कॉम्प्रेसर करतो काय, तर जोरात वाजलेला स्वर दाबतो, आणि दाबल्यामुळे जे कमी पडलं ते ‘लेव्हल’ नावाच्या नॉबने आपण भरून काढायचं. भरून काढायचंच आहे तर अर्धवट कशाला, म्हणून मी तो नॉब उजवीकडे जाईल तितका नेला. आता माझा सगळ्यात घाबरट स्वरही ठणठणीत ऐकू यायला लागला, हे खरं, पण त्याबरोबर तारेवर घासलेलं नख, पंख्याच्या रेग्युलेटरची कुरकुर आणि दोन स्वरांच्या मधली माझी चाचपड हेही त्याच तोलाने ऐकू यायला लागलं. तरीही मला ते आवडलं. कानाची खोड अशी आहे की तेच वाजवणं जरा मोठ्याने ऐकवलं तर माणसाला ते जास्त चांगलं वाटतं. दुकानात पेडल दाखवताना ते नेहमी थोडं मोठंच का लावलेलं असतं, याचा उलगडा मला फार उशिरा झाला. तोवर खिसा हलका झाला होता.

कॉम्प्रेसरच्या मागोमाग ओव्हरड्राइव्ह आला, तो आवाजाला खरखरीत करतो. मग कोरस आला, तो आवाज रुंद करतो. मग एन्व्हलप फिल्टर आला आणि त्याने मला रडवलं. तार जितक्या जोरात ओढाल तितकं हे पेडल तोंड उघडतं आणि ‘क्वॅक’ असा आवाज काढतं. हळू वाजवलं तर गप्प बसतं. मी ते लावलं कॉम्प्रेसरच्या नंतर. म्हणजे जोरात आणि हळू हा भेद ज्याने आधीच मिटवून टाकलाय, त्याच्या हातचा सिग्नल याच्या तोंडी. ते तोंड उघडेचना. मी मागच्या डबीची लेव्हल वाढवली. मग ते मिटेचना.

खरं दुखणं वेगळंच होतं. प्रत्येक पेडलला आपापला लेव्हलचा नॉब असतो, आणि नवीन पेडल चालू केल्यावर काहीतरी घडलं असं वाटावं, नाहीतर पैसे वाया गेले, या हिशोबाने मी प्रत्येकाला किंचित वर ठेवलं होतं. अगदी किंचित. घरातल्या प्रत्येकाने येता-जाता आमटीत चिमूटभर मीठ टाकावं तसा तो प्रकार झाला. इंजिनिअरिंगला असलेल्या माझ्या मुलीने वहीच्या मागच्या पानावर गणित मांडलं. “बाबा, एक पेडल 3 डेसिबलने वर. अशी चार एकापुढे एक. झाले 12. सहा डेसिबलला व्होल्टेज दुप्पट, म्हणजे बाराला चौपट. पॉवर सोळापट.” मी म्हटलं, “पण मी तर प्रत्येक नॉब जेमतेम हलवलाय.” ती म्हणाली, “कर्जंही तुम्ही जेमतेम व्याजानेच द्यायचात ना?” बँकेच्या माणसाला चक्रवाढ समजावून सांगायला स्वतःची मुलगी लागावी, यापरतं निवृत्तीचं योग्य वय दुसरं नसेल. शिवाय पेडलं चालतात 9 व्होल्टवर. तेवढ्यात मावेल तो सिग्नल जातो, वर आलेला कापला जातो आणि फर्र करतो. मी त्या फर्रला ‘व्हिंटेज टोन’ म्हणत होतो.

त्यात ऑक्टेव्हर आणला. हे पेडल तुम्ही वाजवलेल्या स्वराखाली आणखी एक सप्तक खालचा स्वर जोडतं. बेसची सगळ्यात जाड तार मुळातच 41 हर्ट्‌झला वाजते. त्याच्या निम्मे साधारण साडेवीस, आणि माणसाचं ऐकणं सुरू होतं 20 च्या आसपास. म्हणजे तो स्वर जवळजवळ ऐकूच येत नाही. येतो तो डब्यांना. मी बाहेरच्या खोलीत खटका दाबला की स्वयंपाकघरातल्या मांडणीवरचे स्टीलचे डबे एकमेकांशी बोलायला लागायचे, आणि खालच्या मजल्यावरचे निवृत्त मुख्याध्यापक जिना चढायला.

सरांनी पहिल्या भेटीत “तुमचा मिक्सर बिघडलाय का?” एवढंच विचारलं. दुसऱ्या भेटीत ते मोबाइलमध्ये आवाज मोजायचं ॲप आणि तोंडपाठ कायदा घेऊन आले. ध्वनिप्रदूषण नियम, 2000, रहिवासी क्षेत्र, दिवसा 55 डेसिबल, रात्री 45, आणि दिवस म्हणजे सकाळी सहा ते रात्री दहा. दुपारची वेळ होती. त्यांनी आमच्या दिवाणावर बैठक मारली, फोन पुढे धरला आणि म्हणाले, “वाजवा.” मी जीव मुठीत धरून वाजवलं. डबे खुळखुळले, खिडकीची काच थरथरली, कॅलेंडर हललं, आणि आकडा पन्नासच्या खालीच. सरांनी फोन उलटा करून पाहिला. परत वाजवायला लावलं. पुन्हा तेच. कारण असं की नियमातलं मोजमाप ‘डीबी ए’मध्ये असतं, माणसाच्या कानाला खालचे स्वर कमी ऐकू येतात म्हणून ते त्यांचं वजन कमी धरतं, आणि 50 हर्ट्‌झपाशी जवळजवळ 30 डेसिबलची सूट देतं. वर मोबाइलचा माइक असल्या खोल आवाजाला मुळातच बहिरा. आयुष्यभर नियमाने वागलेल्या त्या गृहस्थांनी फोन खिशात ठेवला आणि हताशपणे निकाल दिला, “कायद्याने तुम्ही वाजवतच नाही आहात.” मग दारातून वळून म्हणाले, “माझ्या शोकेसला हे कोण सांगणार?”

सरांची लाज वाटून मी रात्री, अगदी हळू आवाजात, नॉब लावत बसायला लागलो. इथे दुसरा खड्डा होता. बेल लॅबोरेटरीजमधल्या हार्वी फ्लेचर आणि विल्डन मन्सन यांनी 1933 सालीच मोजून ठेवलंय की आवाज लहान असला की कानाला खालचे स्वर आणखीच कमी ऐकू येतात. मला हे ठाऊक नव्हतं. रात्री बेस पातळ वाटायचा म्हणून मी तो वाढवायचो, अजून वाढवायचो, मग तृप्त होऊन झोपायचो. आणि रविवारी तालमीच्या हॉलमध्ये त्याच नॉबांवर पहिला स्वर वाजला की आमच्या गायिका, म्हणजे सोसायटीच्या सेक्रेटरी बाई, माइक छातीशी धरून दोन पावलं मागे सरायच्या.

शिवाय सगळं वर नेल्यावर विजेचं घोंघावणंही वर येतं. ॲम्प एका सॉकेटवर, पेडलबोर्ड भिंतीपलीकडच्या दुसऱ्या सॉकेटवर, दोघांची अर्थिंग वायरीतून एकमेकांना भेटते आणि घूंऽऽ सुरू होतं. आपली वीज 50 हर्ट्‌झची. बेसच्या जाड तारेवर तिसऱ्या पडद्याला जो ‘जी’ लागतो तो 49 चा. म्हणजे घरातली वीज चोवीस तास ‘जी’ धरून बसलेली असते, जरा चढा, पण ओळखू येण्याइतका. मी सेक्रेटरी बाईंना सुचवलं की आपण यंदा सगळीच गाणी ‘जी’मध्ये घेऊ या. त्यांनी कारण विचारलं. मी सांगितलं. त्यांनी माझ्याकडे जे पाहिलं, ते मेंटेनन्स थकवणाऱ्यांकडे पाहतात ते पाहणं होतं.

यावर उपाय म्हणून, म्हणजे सगळं एका पायाखाली आणायचं म्हणून, मी व्हॉल्यूम पेडल आणायला गेलो. दुकानदाराने विचारलं, “किती के?”

मी म्हटलं, “कितीला आहे?”

“नाही हो काका, के. 25 के की 250 के?”

मला वाटलं हजारातली किंमत सांगतोय. पंचवीस हजारही मला झेपणारे नव्हते, पण अडीच लाखांपुढे ते अगदीच स्वस्त वाटून मी घाबरत म्हटलं, “पंचवीसवालं दाखवा.” किंमत प्रत्यक्षात त्याच्या बरीच खाली निघाली, त्या आनंदात मी पुढे काही विचारलं नाही. ते के म्हणजे किलोओहम. बिनबॅटरीच्या साध्या गिटारची वायर थेट घालायची तर 250 के लागतं. 25 के लागतं ते बोर्डाच्या शेवटी, बफर असलेल्या पेडलांनंतर. मी 25 के घेतलं आणि सगळ्यात पुढे लावलं. आवाज खाली बसला, वरचे सूर गेले आणि माझी गिटार शेजारच्या बिल्डिंगमधून येतेय असं वाटायला लागलं. त्यातून ओव्हरड्राइव्हच्या आधी लावल्यामुळे पाय मागे घेतला की आवाज लहान व्हायच्या ऐवजी खरखरच कमी व्हायची. मोठा मात्र तितकाच.

शेवटी पत्नीला साक्षीला बसवलं. ती लहानपणी पेटी शिकलीय आणि तिचा कान माझ्यापेक्षा पुष्कळ बरा आहे, ही गोष्ट आमच्या घरात मी सोडून सगळ्यांनी मान्य केलीय. ती मेथी निवडत होती. मी ओव्हरड्राइव्ह दाबलं. “आता?”

“हं.”

बंद केलं. “आता?”

“हं.”

“अगं, हं काय? आता चालू की बंद?”

तिने जुडीतली दोरी सोडवली, दोन काड्या बाजूला काढल्या आणि म्हणाली, “अहो, आवाजाचा पोत बदलतो, पण मोठं-लहान काही होत नाही. दोन्ही सारखंच.”

मी खचलो. त्या रात्री चष्मा लावून खाली बसलो आणि तो नॉब उजवीकडे नेला. पेडल चालू-बंद केल्यावर आवाजाची लेव्हल तीच राहणं याला या धंद्यात युनिटी गेन म्हणतात, माणसं त्यासाठी खटपट करतात, आणि मला ते मेथी निवडता-निवडता मोफत मिळालेलं होतं. मी ते घालवलं.

मग मुलीच्या ड्रॉवरमधलं नेलपॉलिश घेऊन नॉबांवर ठिपके दिले, म्हणजे जमलेली जागा सापडेल. लाल ठिपके घरचे. तालमीत ते जमेनात म्हणून गुलाबी. सरांसाठी जांभळे. पुढे जांभळी बाटली संपली आणि लालच पुन्हा वापरला. काही दिवसांत कुठल्याही नॉबला कुठल्याही दिशेने फिरवलं तरी तो कुठल्या ना कुठल्या ठिपक्यावर थांबायचाच, आणि मला दर वेळी जमल्याचा आनंद व्हायचा.

कोजागिरीच्या कार्यक्रमाला साउंडवाला विशीतला एक मुलगा होता. साउंड चेकला मी एक पेडल दाबलं. त्याच्या मिक्सरवर लाल दिवा लागला. दुसरं दाबलं, तो फेडर वर करायला लागला. तिसरं दाबलं, त्याने दोन्ही हात वर केले. मग तो स्टेजवर आला, माझ्या पायाशी खुडबुड करून एक काळी डबी ठेवली आणि म्हणाला, “काका, आता बिनधास्त वाजवा.” मी ते शब्दशः घेतलं. पहिल्या गाण्यात कोरस, दुसऱ्यात क्वॅक, तिसऱ्याच्या अंतऱ्यात ऑक्टेव्हर आणि ओव्हरड्राइव्ह एकाच बुटाने. मुलाकडे पाहिलं की तो अंगठा दाखवायचा. शेजारी बसलेल्या ड्रमवाल्याने दोनदा कानाला हात लावला. आमच्याकडे उस्तादांचं नाव घेताना लावतात तोच हा, अशी माझी समजूत. दूध प्यायला गच्चीवर गेलो तर मुख्याध्यापक सर स्वतः पुढे आले. “आज पहिल्यांदा तुमचं वाजवणं स्वच्छ ऐकलं. काही नसता आवाज नाही, चढउतार नाही. पेडलं सोडलीत वाटतं?” मी दुधाचा पेला घेऊन पायऱ्या एकेक सोडून उतरलो, ते थेट साउंडवाल्याकडे.

“अरे, बोर्ड जमला ना आज?”

तो वायर गुंडाळत होता. “काका, बोर्ड बाहेर गेलाच नाही. ती काळी डबी, म्हणजे डीआय बॉक्स, मी गिटारला लावली होती, बोर्डाच्या आधी. लोकांना साधी गिटार. पेडलं फक्त तुमच्या ॲम्पमध्ये.”

म्हणजे ती सगळी कलाकुसर ऐकणारे हॉलमध्ये दोघेच होते. मी, आणि कानाला हात लावणारा ड्रमवाला.

मुलीने घरी धीर दिला की अमेरिकेतल्या मोटाउनच्या स्टुडिओत जेम्स जेमर्सनही बेसची वायर थेट कन्सोलला लावून वाजवायचा, तेही उजव्या हाताच्या एकाच बोटाने, आणि त्याच्यासारखा बेस अजून कुणाला जमलेला नाही. एका बोटाने तर मीही वाजवतो. बाकीची शिकायची राहिली.

त्या मुलाने मात्र जाताना फुकट शिकवलं ते कामाचं होतं. आधी सगळी पेडलं बंद. कार्यक्रमात सगळ्यात जोरात जसं वाजवणार तसंच वाजवायचं, रात्रीच्या चोरट्या हाताने नाही. मग पहिलं एकच पेडल चालू-बंद करत त्याचा लेव्हलचा नॉब असा आणायचा की मोठं-लहान काही होऊ नये. ते झाल्यावरच पुढचं. ज्या पेडलने सोलोला वर यायचं आहे तेवढं एकच किंचित मोठं. फिल्टर कॉम्प्रेसरच्या आधी, व्हॉल्यूम पेडल शेवटी, ॲम्प आणि बोर्ड एकाच एक्स्टेंशन बोर्डवर. स्पिरिटने ठिपके पुसले, पत्नीला पुन्हा बसवलं, या खेपेला गवार होती, आणि तिचा चहा निवायच्या आत सगळं लागलं.

आता तालमीत मी पेडल दाबलं तरी कुणी मागे सरत नाही. साउंडवाला बोर्डाच्या नंतर सिग्नल घेतो. चालू आहे की बंद हे लोकांना कळत नाही, आणि खाली वाकून दिवा पाहिल्याशिवाय मलाही कळत नाही.

ऑक्टेव्हर तेवढा विकायचा आहे. तळमजल्यावर राहणाऱ्यांना प्राधान्य.